परदेशी ड्रोन हल्ले आणि लोकमत

एखाद्या राष्ट्राने दुसऱ्या देशाच्या हद्दीत मानवरहित विमानांतून केलेल्या हल्ल्यांविषयी सामान्य माणसांची मते कशी घडतात, हा लोकमताच्या अभ्यासाचा एक विषय आहे. त्याचा बराचसा आधार अमेरिकेच्या मोहिमा आहेत. येमेनमध्ये २००२ साली आणि पाकिस्तानच्या वझिरिस्तानात २००४ साली त्यांची सुरुवात झाली.

हल्ला करणाऱ्या देशातील नागरिकाला या युद्धाची झळ जवळजवळ लागत नाही. वैमानिक धोक्यात नसतो, शवपेट्या परत येत नाहीत. त्यामुळे त्याचे मत बातमीतल्या शब्दांवर आणि आकड्यांवर उभे राहते. ‘अतिरेकी ठार’ एवढेच कानावर आले की पाठिंबा मिळतो. आंतरराष्ट्रीय कायदा किंवा निरपराधांचे मृत्यू यांचा उल्लेख केला की तोच पाठिंबा घटतो, असे अमेरिकेतील सर्वेक्षण-प्रयोगांत आढळले आहे. पक्षनिष्ठा आणि नेत्यांवरचा विश्वास यांचाही प्रभाव पडतो.

आकडेही निर्विवाद नसतात. हल्ल्याच्या टापूतील लढाऊ वयाच्या सर्व पुरुषांना अमेरिकी सरकार अतिरेकी धरते, असे वृत्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मोजणीत निरपराधांची संख्या आपोआपच कमी भरते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये झालेला हल्ला अमेरिकी लष्कराने आधी योग्य ठरवला. पत्रकारांनी तपास केल्यानंतर सप्टेंबरमध्ये लष्कराने कबूल केले, की मेलेले दहाही जण नागरिक होते आणि त्यांत सात मुले होती. पहिल्या बातमीवर बनलेले मत दुरुस्त व्हायला अशी कबुली लागते, आणि ती क्वचितच मिळते.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी लोकमत-संशोधन संस्थेच्या २०१४ च्या सर्वेक्षणात ४४ पैकी ३९ देशांत अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांना विरोधाचे पारडे जड होते. अमेरिकेत मात्र निम्म्याहून थोडे अधिक लोक बाजूने होते. पाकिस्तानात विरोध तीव्र होता. तिथे सार्वभौमत्वाचा भंग हा मोठा मुद्दा होता. सरकार जाहीरपणे निषेध करत असले तरी आतून संमती देत असल्याचे उघड झाल्यावर लोकांचा राग इस्लामाबाद आणि वॉशिंग्टन या दोन्ही राजधान्यांवर होता.

या साऱ्या अभ्यासातली सर्वांत मोठी उणीव म्हणजे, ज्यांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होते त्या वझिरिस्तानसारख्या कबायली भागातील लोकांना सुरक्षेच्या कारणाने बहुतेक राष्ट्रीय पाहण्यांतून वगळले गेले. तिथे थोड्या स्वतंत्र पाहण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तालिबान आणि पाकिस्तानी लष्कर या दोघांच्या कचाट्यात राहून अनोळखी माणसाला खरे उत्तर देणे तिथे जिवावर बेतू शकत होते.