आवाज ऐकू आला नाही, म्हणजे देव ओळखीचा नाही?

पुण्यात ख्रिस्ती प्रार्थनासभांना जाणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय: देवाला व्यक्तिशः ओळखणं म्हणजे दर्शन, कानात आवाज, नाहीतर घळाघळा रडू. यातलं काही न घडलेली कितीतरी श्रद्धाळू माणसं मनातून खचतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण बायबल असं म्हणत नाही.

बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाचंच पाहा. पोराला रात्री खरोखर देवाची हाक ऐकू आली आणि ती म्हाताऱ्या एली याजकाचीच समजून तो तीनदा त्याच्याकडे धावला. आवाज ऐकूनही शमुवेलाला परमेश्वराची अजून ओळख झाली नव्हती, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय तर याहून रोखठोक. राजा यहोयाकीम मजुरांची मजुरी बुडवून ऐसपैस महाल बांधतोय: मोठ्या खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, वर लाल रंग. संदेष्टा त्याला बाप योशीयाची आठवण देतो. त्याने गोरगरिबांना न्याय दिला. मला ओळखणं ते हेच ना, असं देव विचारतो.

म्हणजे नुसती समाजसेवा पुरे, असंही नाही. प्रेषित पौल गलतीकरांना, म्हणजे गलतीयातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, पत्रात सांगतो, आधी देवाने तुम्हाला ओळखलं. नातं तो जोडतो. आपण विश्वासाने त्यात राहतो, आणि ते वागण्यात उतरतं. भावना येतील, न येतील. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी हाक देवालाच आहे.

ही ओळख सावकाशही होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. ख्रिस्त आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी गवसला, असं त्यांनी लिहिलंय. पुढे १८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन परतल्या. पुण्याजवळच्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन आजही चालू आहे.