जिवाणूची जनुक-क्लोन लायब्ररी मागवायची आहे? अर्ज कोण करतो, कागद कोणते

ठाण्यात एमएस्सी करणाऱ्या एका मुलीने परवा विचारलं, "सर, ई. कोलायची अख्खी लायब्ररी मागवता येते का?" लायब्ररी म्हणजे ई. कोलाय या जिवाणूच्या जवळजवळ प्रत्येक जनुकासाठी एकेक वेगळा नमुना असलेला संच. तो मागवता येतो, पण तिच्या नावावर नाही. अर्ज संस्थेचा असतो आणि प्रकल्पाला कायम नोकरीतला मार्गदर्शक लागतो.

आधी नक्की काय हवंय ते ठरवा, कारण दोन संचांत हमखास गल्लत होते. आस्का संचात ई. कोलायच्या के-12 या प्रयोगशाळेतल्या जातीची चार हजारांहून अधिक जनुकं एकेका प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या कड्यावर) बसवलेली आहेत. प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक घालायचं, म्हणजे प्लाझ्मिड असलेलेच जिवाणू वाढतात; जनुक चालू करायला आयपीटीजी हे रसायन. केइओ संच याच्या उलट: 3,985 जनुकं एकेक करून काढून टाकलेली, तिथे कॅनामायसिन. चुकीचं अँटिबायोटिक घातलं की प्लेट कोरीच राहते, आणि शिव्या पार्सलला! दोन्ही संच जपानच्या नॅशनल बायोरिसोर्स प्रोजेक्टकडून मिळतात, सुटे क्लोनही. पाच जनुकांचं काम असेल तर पाचच मागवा. पूर्ण संच ठेवायला उणे 80 अंशांचा फ्रीजर लागतो, आणि पावसाळ्यात वीज गेली तर त्याला जनरेटरही.

खरा वेळ जातो संस्थेच्या जैवसुरक्षा समितीत, म्हणजे आयबीएससीत. जनुक बदललेले जिवाणू केंद्र सरकारच्या 1989 च्या नियमांखाली येतात. जोखीम गट 1 आणि 2 मधली (गट 1 सर्वांत कमी धोक्याचा, 4 सर्वांत जास्त) संशोधनासाठीची आयात 2020 पासून संस्थेची समितीच मंजूर करू शकते. के-12 गट 1 मध्ये बसतो. गट 3 किंवा 4 असेल तर प्रकरण दिल्लीला, आरसीजीएम या केंद्रीय समितीकडे जातं. समितीची बैठक कधी आहे हे आधी विचारा, नाहीतर सहा महिने सहज जातात. कॉलेजात समितीच नसेल, तर ती असलेल्या संस्थेसोबत संयुक्त प्रकल्प करा आणि काम तिथल्याच प्रयोगशाळेत करा.

कागद असे: प्रकल्पाची दोन पानी माहिती, समितीचं मंजुरीपत्र, क्लोनची यादी (जनुकाच्या नावासोबत बी-क्रमांकही, म्हणजे के-12 च्या जनुकांना दिलेला ओळख-क्रमांक, जसं लॅकझेड या जनुकाचा बी0344), आणि सामग्री-हस्तांतर करार, म्हणजे एमटीए. या करारावर मार्गदर्शकाची सही पुरत नाही. संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार असलेल्या व्यक्तीची, बहुधा प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची, सही-शिक्का लागतो. फॉर्म परत येतात ते बहुतेक इथेच.

आणि शेजारच्या लॅबमधल्या मित्राला "जरा एक लूपभर दे" म्हणून कल्चर द्यायचं नाही. करारात तिसऱ्याला देण्याची मनाई असते. त्यानेही स्वतःचा अर्ज करावा.