फोकस कुठे आहे आणि निवडलंय काय? फाइल मॅनेजरमधल्या दोन खुणा

विंडोजचा फाइल एक्सप्लोरर उघडा आणि बाणाच्या कळीने खाली जा. एक रंगीत पट्टी फाइलींवरून सरकताना दिसेल. ही पट्टी एक वाटते, पण तिथे दोन खुणा एकमेकींवर बसलेल्या असतात. पहिली फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्या फाइलवर उभा आहे ती जागा. ती एका वेळी एकच असते. दुसरी निवड, म्हणजे पुढची आज्ञा ज्या फाइलींवर चालणार त्यांचा संच. त्यात शून्य फाइली असतील, एक असेल किंवा पाचशे असतील.

दोघी वेगळ्या करून पाहायला माउस लागत नाही. बाणाने पहिल्या फाइलवर या. आता कंट्रोल दाबून ठेवा आणि खालचा बाण दोनदा दाबा. निवड पहिल्या फाइलवरच राहील आणि तिसऱ्या फाइलभोवती फक्त बारीक चौकट दिसेल, तो फोकस. कंट्रोल न सोडता स्पेस दाबली की तिसरी फाइलही निवडीत येते. तीच जोडी पुन्हा दाबली की ती निवडीतून जाते. शिफ्ट आणि बाणाने सलग पट्टा निवडला जातो. मधल्या फाइली वगळून निवडायचं असेल तर कीबोर्डवाल्याकडे हा कंट्रोलचा मार्गच आहे. लिनक्सवरच्या नॉटिलसमध्येही हेच चालतं. मॅकच्या फाइंडरमध्ये मात्र बाणाने निवडच सरकते, वेगळी चौकट नसते.

(मराठी टंकणाऱ्यांसाठी एक अडचण इथेच सांगून टाकू. लिनक्सवर एफसिटिक्स ५ हा भाषा बदलून टंकू देणारा प्रोग्राम वापरत असाल तर भाषा बदलायची तिची मूळ जोडी कंट्रोल-स्पेसच आहे. ती कळ मध्येच गिळली जाते, फाइल मॅनेजरपर्यंत पोचतच नाही, आणि निवड का होत नाही हे कळत नाही. एफसिटिक्सच्या सेटिंगमध्ये ती जोडी बदलून घ्या.)

पाहणाऱ्या माणसाला या दोन खुणांचा घोळ फारसा त्रास देत नाही. सात फाइली रंगल्यात आणि चौकट आठवीवर आहे, हे एका नजरेत दिसतं. स्क्रीन रीडर, म्हणजे न पाहणाऱ्यांना पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, मात्र एका वेळी एकच वस्तू बोलतो आणि ती फोकसखालची असते. उरलेला संच तेव्हा मुका असतो. म्हणूनच ‘फोकस पोचला, नाव बोललं, काम झालं’ असं मानून बनवलेला फाइल मॅनेजर वापरणाऱ्याला अर्धीच माहिती देतो. आणि नेमकी डिलीट, कॉपी, कट ही कामं उरलेल्या अर्ध्यावर चालतात.

एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर ही अर्धी बाजू कशी भरून काढतो ते पाहण्यासारखं आहे. टॅबने यादीत शिरल्यावर पुष्कळदा पहिल्या फाइलवर फोकस असतो पण निवड नसते. तेव्हा तो नावासोबत ‘निवडलेलं नाही’ असं सांगतो. स्पेस दाबली की निवड होते. निवडलेल्या फाइलवर तो सहसा काहीच जोडत नाही, कारण साध्या बाणाने फिरताना ती निवडलेली असणारच, आणि दर फाइलला तोच शब्द ऐकणं कंटाळवाणं होईल. म्हणजे नवख्याने शब्दाइतकंच शब्द नसण्याकडेही लक्ष द्यायचं.

पण हा ‘नाही’ स्क्रीन रीडर स्वतःहून शोधून काढत नाही. प्रत्येक फाइलच्या नोंदीसोबत प्रोग्रामने काही स्थिती कळवायच्या असतात. फोकस घेऊ शकते का, आत्ता फोकस आहे का, निवडता येते का, आत्ता निवडलेली आहे का. विंडोजच्या जुन्या अ‍ॅक्सेसिबिलिटी व्यवस्थेत या चारही वेगळ्या बिट, म्हणजे हो-नाहीच्या खुणा, आहेत. निवडलेलीची किंमत २ आणि फोकस असलेलीची ४. ‘निवडता येते’ हजर आणि ‘निवडलेली आहे’ गैरहजर, एवढ्यावरूनच ‘निवडलेलं नाही’ हे वाक्य तयार होतं. प्रोग्रामरने ‘निवडता येते’ कळवायचं विसरलं, तर निवडलेली आणि न निवडलेली फाइल कानाला अगदी सारखी लागते. स्वतः रंगवलेल्या यादीत, म्हणजे टूलकिटची (बटणं, याद्या असे तयार भाग पुरवणाऱ्या संचाची) तयार यादी न वापरता बनवलेल्या दृश्यात, ही चूक सर्रास होते.

टूलकिटांनी हा फरक केव्हाच मान्य केलाय. क्यूटी या टूलकिटमध्ये ‘चालू नोंद’, म्हणजे फोकसची नोंद, एक असते आणि ‘निवडलेल्या नोंदी’ अनेक. दोन्ही एकाच निवड-मॉडेलमध्ये पण वेगवेगळ्या ठेवल्या जातात. जीटीके या दुसऱ्या टूलकिटच्या ४.१२ आवृत्तीत यादी एखाद्या नोंदीपर्यंत सरकवायची सोय आली, तिलाही ‘फोकस दे’ आणि ‘निवड कर’ असे दोन स्वतंत्र झेंडे (फ्लॅग, म्हणजे चालू-बंद पर्याय) आहेत. तरीही घोळ होतो, कारण प्रोग्राम माउसने तपासला जातो आणि माउसच्या साध्या क्लिकने दोन्ही एकदमच होतात.

सर्वांत जास्त मोडतोड फाइल पुसल्यानंतर होते. ज्या नोंदीवर फोकस होता ती नोंदच गेली. पुढे काय करायचं ते लिहिलेलं नसेल तर फोकस खिडकीवर किंवा यादीच्या टोकाला जातो. ३४० फाइलींच्या फोल्डरमध्ये २१२ व्या जागेवरून माणूस पहिल्यावर फेकला जातो, किंवा नुसती शांतता होते. फोकस पुढच्या फाइलवर द्यावा, पुढची नसेल तर आधीच्या, आणि फोल्डर रिकामं झालं असेल तर यादीवरच ठेवून ‘फोल्डर रिकामं आहे’ हे ऐकवावं. निवड मात्र आपोआप पुढे सरकवू नये, असं आमचं ठाम मत आहे. सरकवली आणि डिलीट चुकून दोनदा दाबलं गेलं, तर दुसरी फाइलही जाते. पाहणाऱ्याला निदान ती गेलेली दिसते.

विंडोज १० आणि ११ मध्ये रिसायकल बिनकडे पाठवताना मुळात विचारलंच जात नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने रिसायकल बिनच्या गुणधर्मांत जाऊन पुसण्याआधी खात्री विचारणारा चौकोन सुरू करून घ्यावा. निवडीत खरोखर काय होतं ते ऐकायची ती शेवटची संधी असते. असा चौकोन स्वतः बनवणाऱ्यांनी त्यात नुसतं ‘निवडलेल्या फाइली पुसायच्या?’ लिहू नये. एक असेल तर नाव, अनेक असतील तर आकडा हवाच.

दुसरी मोडतोड यादी ताजी होताना होते. फोल्डरमध्ये डाउनलोड चालू आहे, दर सेकंदाला काहीतरी बदलतंय. प्रत्येक बदलाला सगळं मॉडेल, म्हणजे यादीमागची माहिती, नव्याने भरलं तर क्यूटी चालू नोंद आणि निवड दोन्ही पुसून टाकतं. जी ओळ आली किंवा गेली तेवढीच कळवा. अशीच तिसरी खोड लपलेल्या फाइलींची. त्या दिसत असताना सगळं निवडलं आणि मग त्या पुन्हा लपवल्या, तर न दिसणाऱ्या फाइली निवडीत राहता कामा नयेत.

कंट्रोल-ए ची गंमत उलटी आहे. इथे फोकस हलत नाही, फक्त निवड बदलते, म्हणून फोकसवर विसंबलेला प्रोग्राम काहीच बोलत नाही. आणि दर फाइलमागे एक सूचना पाठवणारा प्रोग्राम पाचशे सूचनांचा मारा करतो. ‘या यादीतली निवड बदलली’ अशी एकच सूचना आणि स्टेटस बारमध्ये आकडा, एवढं पुरतं. एनव्हीडीएची खास कळ आणि एंड एकत्र दाबली, म्हणजे एनव्हीडीए-एंडने (डेस्कटॉप मांडणीत), स्टेटस बार वाचला जातो, म्हणजे ‘किती निवडल्या’ हे हवं तेव्हा विचारता येतं. अर्थात तो बार स्क्रीन रीडरला स्टेटस बार म्हणून ओळखता आला पाहिजे. साधं लेबल तळाला चिकटवून भागत नाही.

नजरेच्या बाजूचं थोडक्यात. निवडीला भरीव रंग आणि फोकसला चौकट, असे दोन वेगळे आकार ठेवा, एकाच रंगाच्या दोन छटा नकोत. चौकटीचा शेजारच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ हवा. निवडलेल्या फाइलवरही चौकट दिसते का ते मुद्दाम पाहा. निळ्यावर निळी चौकट हा नेहमीचा गोंधळ.

कधी कधी ‘कर्सर तर तिथेच आहे, पण आज्ञा दुसऱ्याच फाइलवर चालली’ अशी तक्रार येते आणि प्रोग्राममध्ये दोष सापडत नाही. तिथे तिसरीच खूण असू शकते. मॅकच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरचा कर्सर किंवा एनव्हीडीएचा वस्तूंवरून फिरणारा कर्सर हा स्क्रीन रीडरचा स्वतःचा असतो, आणि फोकसला मागे ठेवूनही तो पुढे जाऊ शकतो. फाइल मॅनेजरला त्याचा पत्ताही नसतो. तक्रार करणाऱ्याला आधी एनव्हीडीए-टॅब दाबायला सांगा. त्याने खरा फोकस बोलला जातो.

तपासणीला सहा रिकाम्या फाइलींचं फोल्डर पुरे. एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन, म्हणजे पडदा काळा करणारी सोय, सुरू करा म्हणजे डोळे चुगली करणार नाहीत. बाणाने दुसऱ्या फाइलवर या, कंट्रोल-बाणाने चौथीवर जा. ‘निवडलेलं नाही’ ऐकू यायला हवं. कंट्रोल-स्पेस दाबा, निवड झाल्याचं लगेच कळायला हवं. स्टेटस बार विचारा, उत्तर २ यायला हवं. डिलीट दाबा, चौकोनात २ हा आकडा ऐका, होकार द्या आणि मग एनव्हीडीए-टॅब दाबा. पाचव्या फाइलचं नाव आलं आणि सोबत ‘निवडलेलं नाही’ आलं तर ठीक. फक्त खिडकीचं नाव ऐकू आलं तर फोकस हरवलाय, आणि पुसल्यानंतरचा कोड उघडायला हवा.