एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे

रिपोर्टवर ‘एएनए पॉझिटिव्ह’ (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली) दिसलं की ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, झालाच, हा समज चुकीचा आहे. १:४० पातळीला (रक्तद्रव ४० पट पातळ करून) निरोगी माणसांपैकीही सुमारे ३० टक्के जणांत ही चाचणी पॉझिटिव्ह येते, १:१६० ला सुमारे ५ टक्क्यांत. ल्युपस ठरवण्याच्या २०१९च्या निकषांत १:८० ही केवळ पहिली पायरी. पुढे लक्षणं आणि तपासण्यांचे मिळून किमान १० गुण आणि एक तरी प्रत्यक्ष लक्षण लागतं. उदाहरणार्थ, गालांवरचा लाल चट्टा, जो नाकाशेजारच्या घड्या सोडून पसरतो. लघवीची तपासणी मात्र अजिबात टाळू नका. ल्युपसमुळे मूत्रपिंडाला सूज आली तरी बहुधा दुखत नाही. लघवीत प्रथिनं आणि लाल पेशी तेवढ्या सापडतात. उलट, एएनए निगेटिव्ह आल्याने व्हॅस्क्युलायटिसची (रक्तवाहिन्यांच्या दाहाची) शक्यता संपत नाही. पायांवर दाबूनही न फिकटणारे, हाताला लागणारे जांभळे ठिपके असतील, तर एएनसीए ही प्रतिपिंडांची दुसरी रक्तचाचणी करून घ्या, गरज पडल्यास ठिपक्याची बायोप्सीही.