परसातला गादीवाफा: बेळगावच्या पावसाने घडवलेला

गेल्या पाच-सहा वर्षांत बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ या भागांत घरामागे विटांच्या नाहीतर फळ्यांच्या चौकटी दिसू लागल्या आहेत. आत तांबडी माती, शेणखत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वर मेथी, मिरची, टोमॅटो. चौकट किती उंच बांधायची हा प्रश्न रोपवाटिकेत विचारला जातो, तसाच लग्नाच्या पंगतीतही. उत्तर देणारा एक आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा आला कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. उंच वाफा आपल्याला नवा नाही. मराठीत त्याला गादीवाफा म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात एरुमडी. रोपं तयार करणाऱ्यांच्या तोंडी हे दोन्ही शब्द रोजचे आहेत. पावसाच्या पाण्याचं काय करायचं, या प्रश्नातून तो वाफा इथे उभा राहिला. म्हणून त्याची हकिकत पावसापासूनच सांगावी लागते.

बेळगाव जिल्ह्यात पाऊस एक नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला आणि जांबोटीच्या घाटमाथ्यावर आषाढात दिवस दिवस सूर्य दिसत नाही. बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ईशान्येला अथणीकडे गेलं की तोच आकडा सहाशेच्या आत येतो. मातीही तशीच बदलते. खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती. तिच्यातून पाणी लगेच झिरपतं आणि जाताना कस घेऊन जातं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात काळी माती, जिच्यात पाणी एकदा शिरलं की निघता निघत नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात पसरलं की भाताचं काय होतं, हे तिथल्या शेतकऱ्यांनी किती पावसाळे पाहिलं आहे! भात तरी काही दिवस पाण्यात तग धरतो, मिरची धरत नाही.

आमच्या जुन्या घराच्या परसात मी हे लहानपणी पाहिलं. जुलैची सकाळ होती, चार दिवसांची झड नुकतीच थांबली होती. सपाट वाफ्यातली मिरचीची रोपं भर पाण्यात असूनही माना टाकून उभी होती. मला वाटलं, तहानली आहेत. आजीनं एक रोप उपटून हातावर घेतलं आणि मूळ दोन बोटांत धरून ओढलं. वरची तपकिरी साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता पांढरा दोरा राहिला. "पाणी थांबूलालंय बघ मुळाकडं," एवढंच ती म्हणाली. मग खुरप्यानं वाफ्याच्या दोन्ही अंगांनी चर काढला, चरातली माती मधे ओढली आणि उरलेली रोपं त्या उंचवट्यावर बसवली. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवेला जागा उरत नाही. मुळं गुदमरतात, आणि ओल्यात वाढणाऱ्या बुरशीला ती आयती सापडतात. ही कारणमीमांसा मी पुढे वाचली. चर मात्र त्याआधीच काढून झाला होता.

तरीही परसातली भाजी पूर्वीपासून गादीवाफ्यावर होत होती असं म्हणणं बरोबर नाही. जुन्या परसाची रचना वेगळी होती. न्हाणीचं पाणी जिथे जाई तिथे अळू आणि केळ, कुंपणावर घेवडा, गोठ्याजवळ मांडव आणि त्यावर दोडका, पडवळ, भोपळा. वेलांना वाफा लागत नाही, आळं लागतं. शेणखतानं भरलेल्या खड्ड्यात दोन-चार बिया टोचल्या की काम झालं. भाजीची जागा पाणी कुठे आहे त्यावर ठरायची, आणि ही रीत फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोणती जमीन कशाला द्यायची हे सांगताना विहिरीभोवतीची जागा पालेभाज्या आणि कंदमुळांना दिली आहे. ज्यांच्या परसात आड आहे त्यांनी आपली मेथी-पोकळ्याची जागा आठवून पाहावी.

मग गादी परसात आली कशी? माझ्या मते ती रोपांबरोबर आली. पेरायची भाजी आणि लावायची भाजी यांत मोठा फरक आहे. भेंडी, गवार, भोपळा यांचं बी ठसठशीत असतं, ते थेट जागेवर पडतं. मिरची, वांगं, टोमॅटो, कोबी, फुलकोबी यांचं बी बारीक. ते आधी एका ठिकाणी दाट पेरून रोप तयार करायचं आणि मग उचलून लावायचं. यात वांगं तेवढं आपलं जुनं. मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या वाटेनं आली, फुलकोबी इंग्रजांनी १८२२ मध्ये भारतात आणली. बेळगावचा किल्ला त्याआधी चारच वर्षं, १८१८ मध्ये, इंग्रजांच्या हाती गेला होता. आज कडोली, कंग्राळी, उचगाव या पट्ट्यातून कोबी-फुलकोबीच्या गाड्या रोज गोव्याकडे उतरतात. त्या पिकाची सुरुवात हातभर रुंदीच्या रोपवाफ्यात होते. बारीक रोप उगवल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत फार नाजूक असतं. देठ जमिनीलगत ओला राहिला की तिथेच करकोचा पडतो आणि रोप आडवं होतं, यालाच मर म्हणतात. रोप उंचावर असलं की देठाजवळची माती लवकर सुकते. रोपवाटिकेत गादी आली ती यासाठी.

या बाबतीत निपाणीची नोंद घ्यावीच लागते. बिडीच्या तंबाखूनं तो भाग नावारूपाला आला. तंबाखूचं बी इतकं बारीक की चिमटीत शेकडो येतं, म्हणून ते राखेत नाहीतर वाळूत मिसळून फेकतात. त्याचं रोप पावसाळ्याच्या तोंडावर तयार करायचं असतं, म्हणजे मर होण्याच्या ऐन काळात. त्यामुळे तंबाखूच्या रोपवाटिकेत गादीवाफा हा नियमच झाला: रुंदी तीन-चार फूट, उंची वीतभर, भोवती चर. पेरणीपूर्वी त्यावर पालापाचोळा, काटक्या, शेणी पसरून जाळतात, म्हणजे राब भाजतात. आगीनं तणाचं बी आणि बुरशी मरते, राख खत होते. घाटमाथ्यावर नाचणी-भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठीही अशीच भाजणी चालत आली आहे. निपाणीत तंबाखूच्या संशोधनाचं सरकारी केंद्र आहे, पण राबाचं ज्ञान मजुरी करणाऱ्या बायकांच्या हातांत होतं. रोपं उपटायला जाणारी बाई संध्याकाळी घरी येऊन चुलीची राख परसातल्या वाफ्यावर टाके. रोपवाटिकेतली रीत घरात येण्याची यापेक्षा सरळ वाट मला दिसत नाही.

शेतात उंचवट्याचा दुसरा अवतार म्हणजे वरंबा. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आणि पलीकडे चंदगडात पावसाळ्याच्या सुरुवातीला बैलानं वरंबे ओढून त्यावर रताळ्याचे वेल लावतात. उंच भुसभुशीत मातीत रताळं सरळ पोसतं, आणि पाणी सरीतून निघून जातं. कृषिशास्त्रानं हे पुढे मोजूनमापून मांडलं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी संस्था १९७२ मध्ये सुरू झाली. तिथे काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित झाली: दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटरचा सपाट माथा आणि उरलेल्या जागेत सरी. जास्त पाऊस झाला तर सरी पाणी बाहेर काढते, कमी झाला तर धरून ठेवते. आज हळद, आलं, ढोबळी मिरची यांचे ठिबक आणि मल्चिंग पेपरचे (माती झाकणाऱ्या प्लॅस्टिकचे) बेड याच घराण्यातले आहेत.

चौकटीचा प्रवास याहून वेगळा आहे. जगात उंच वाफे अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे झाले. मेक्सिकोत तळ्याचा गाळ उपसून केलेल्या चिनाम्पा, दक्षिण अमेरिकेत टिटिकाका सरोवराकाठची चरांनी वेढलेली उंच शेतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे माळी घोड्याच्या लिदीचे जाड थर देऊन थंडीतही भाजी काढत. ती परंपरा ॲलन चॅडविक या इंग्रज बागकाराने १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठाच्या आवारात नेली. १९८१ मध्ये मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन अभियंत्याने चार फूट बाय चार फुटांच्या चौकटीची, फूट-फूट चौरसांत आखलेली बाग लोकप्रिय केली. आपल्याकडे दिसणारी चौकट ती हीच. तिच्यातला चार फुटांचा आकडा मात्र खराखुरा आहे, कारण तो माणसाच्या हाताचा आहे. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोहोचला की वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती दाबली जात नाही. भिंतीला टेकून वाफा केला तर तो दोन फुटांचाच हवा.

घरी भाजी पिकवा असं सरकारनंही वेळोवेळी सांगितलं: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत, नंतर १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी. पण माती कशी घडवायची हे घरच्या माणसाला समजावून सांगितलं ते कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी. गणित शिकवणाऱ्या या माणसानं प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या जाळ्यातून एक गोष्ट लोकांच्या मनावर बिंबवली: पालापाचोळा, काडीकचरा, ओलं-सुकं कुजवून सकस माती घरीच तयार होते, ती विकत आणायची वस्तू नाही. कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये १९५६ पासून राज्याची हद्द आहे, पण मराठी वाचणाऱ्या घरांत हा विचार हद्दीच्या अलीकडेही पोहोचला. आमच्याकडे उसाचं पाचट आणि भाताचा कोंडा मिळायला अडचण नाही. हे मिळत असताना पोत्यांनी कोकोपीट आणावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौकटींची आताची लाट ताज्या दोन घटनांनंतरची आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं सखल भागांतली परसं बुडवली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गोव्याला जाणारी भाजी अडकली. शेतात कोबी सडत होता आणि शहरात लोक पिशवी घेऊन फिरत होते. त्यानंतर चौकटी वाढल्या. मीही बांधली, दीड फूट उंच, तयार मिश्रण विकत घेऊन भरली. पावसाळ्यात मिरची उत्तम आली. एप्रिलमध्ये तीच चौकट चारही बाजूंनी तापून सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडवू लागली आणि कोथिंबीर वितीएवढी होण्याआधीच फुलावर गेली. तेव्हा मला आजीचा वाफा नीट कळला. तिची गादी फक्त पावसाळ्यापुरती होती. दिवाळीनंतर ती कुदळीनं मोडायची, सपाट वाफे पाडायची आणि उन्हाळ्यात वाफ्याभोवती उलट वरंबा घालून पाणी आत कोंडायची. पक्क्या चौकटीत ही मोडामोड होत नाही.

म्हणून उंचीचा आकडा ठरवताना आधी आपलं शिवार पाहावं लागतं. शहापूर-येळ्ळूरच्या काळ्या मातीत फूटभर उंची आणि पाणी बाहेर नेणारा खरा उतार हवा, चर नुसता खणून भागत नाही. खानापूरकडे पाण्याचा निचरा आपोआप होतो. तिथे उंची हवी ती सकस मातीचा थर वाढवायला, आणि भोवती जांभ्याचे चिरे लावले की पावसात कडा ढासळत नाहीत. फळीला मात्र दोन पावसाळ्यांत वाळवी लागते. रायबाग, अथणीकडे गादी करूच नये. तिथल्या बायका मेथी-कोथिंबिरीचा वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोल घेतात. मी यंदा माझ्या चौकटीची वरची एक विटांची रांग काढली आणि खाली पाचट भरलं. कडेला गोठ्याजवळ आळं केलं आहे, त्यात दोडका लावला आहे.