पर्णविन्यास

खोडावर पाने कोणत्या क्रमाने आणि किती कोनावर लागतात, ती मांडणी म्हणजे पर्णविन्यास. सूर्यफुलाच्या दाण्यांची रचनाही याच नियमांत बसते. निसर्गातल्या नक्षीविषयी पुष्कळ मोघम लिहिले जाते. ही नक्षी मात्र वावरात उभे राहून दोऱ्याने मोजता येते, आणि विदर्भात त्यासाठी पऱ्हाटीसारखे, म्हणजे कपाशीसारखे, सोयीचे झाड नाही.

ज्वारीची पाने एकाआड एक, दोनच ओळींत येतात. दोन पानांमध्ये १८० अंश. तुळस, रुई आणि साग यांची पाने जोडीने समोरासमोर लागतात आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी येते, म्हणून शेंड्यावरून खाली पाहिले की चौफुली दिसते. कण्हेरीला एका पेऱ्यावर बहुधा तीन पाने. पऱ्हाटी आणि जास्वंदीला पेऱ्यावर एकच पान, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे फिरत वर जाणारे. जास्वंदीत दोन वेढ्यांत पाच पाने (२/५), तर पऱ्हाटीच्या मुख्य खोडावर तीन वेढ्यांत आठ (३/८), म्हणजे लागोपाठच्या दोन पानांत सुमारे १३५ अंश.

मोजायला उभे पीक चालते, पण वेचणी संपल्यावर उपटून धुऱ्यावर रचलेली वाळकी पऱ्हाटी अधिक बरी. पान गळाल्यावर देठाचा व्रण खोडावर राहतो, तोच धरायचा. सर्वांत खालचे दोन व्रण बीजपत्रांचे असतात आणि समोरासमोर असतात, ते सोडावेत. चार-पाच पेरी वर जाऊन एका व्रणाला दोरा बांधावा. तिथून जवळच्या बाजूने वरच्या व्रणाकडे जावे आणि दिशा न बदलता दोरा गुंडाळत राहावे. पहिला व्रण शून्य धरला तर आठवा जवळपास त्याच्याच डोक्यावर येतो आणि दोऱ्याचे तीन वेढे झालेले असतात. एका झाडाचा वेढा उजवा, तर शेजारच्याचा डावा असू शकतो. ती चूक नव्हे.

चुका होतात त्या वेगळ्या. उभ्या पिकात पानाचे पाते पाहून मोजले की हमखास फसगत होते, कारण देठ उन्हाकडे वळतो आणि पाते आपली जागा सोडते. नजर देठाच्या बुडाशी हवी. ठिपक्यांच्या बोंडअळीने शेंडा पोखरला किंवा रोह्याने (नीलगाईने) तो खाल्ला, की बाजूची फांदी शेंड्याची जागा घेते आणि मोजणी तिथेच तुटते. फळफांदीवर तर ३/८ शोधूच नये. तिचे प्रत्येक पेर फुलात संपते, पुढचे पेर बगलेतून निघते, म्हणून ती नागमोडी दिसते. फुलोऱ्याचा क्रमही याच मांडणीवर चालतो : लगतच्या वरच्या फळफांदीचे पहिले फूल साधारण तीन दिवसांनी उमलते, त्याच फांदीवरचे पुढचे साधारण सहा दिवसांनी. त्यामुळे फुले खालून वर आणि आतून बाहेर अशी झाडाभोवती फिरत जातात.

झाडाला कोन कोण सांगतो? विल्हेल्म होफमायस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये नियम मांडला : शेंड्यावर जिथे सर्वांत जास्त मोकळी जागा, तिथे नवे पान फुटते. यामागे ऑक्सिन हे संप्रेरक आहे. कोवळा पर्णांकुर ते आपल्याकडे ओढतो, आजूबाजूला त्याची टंचाई होते आणि पुढचा अंकुर दूर सरकतो. दुआदी आणि कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये एकमेकांना ढकलणारे चुंबकीय द्रवाचे थेंब तबकात सोडून असेच सर्पिल मिळवले. तिथे ना पान होते, ना बी. आधीच्यांपासून लांब राहायचे, एवढ्यावरच ही सारी नक्षी उभी राहते.

सूर्यफुलात हा कोन १३७.५ अंशांच्या जवळ जातो. दाणे भरल्यावर वाळकी फुले अंगठ्याने झाडून टाकावीत आणि कडेच्या भागात उजवीकडे वळणाऱ्या व डावीकडे वळणाऱ्या रांगा वेगवेगळ्या मोजाव्यात. पहिल्या रांगेवर पेनाची खूण हवीच. मधल्या भागात कमी संख्येच्या रांगा ठळक दिसतात, म्हणून कडेकडून आत घसरले की हिशेब बिघडतो. पोपटांनी दाणे टिपण्याआधी हे करावे. बहुधा ३४ व ५५ मिळतात, मोठ्या फुलात ५५ व ८९. नेहमीच मिळतात असे नाही : २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५७ फुलांच्या मोजणीत सुमारे पाचांमागे एक फूल ३४, ५५, ८९ ज्या मालिकेत येतात तिच्यात नीट बसले नाही.

मालिका अशी : १, २, ३, ५, ८, १३, मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची. ती फिबोनाचीच्या नावाने चालते (१२०२), पण आचार्य हेमचंद्रांनी ११५० च्या सुमारास छंदशास्त्रात तीच सांगितली होती : लघु-गुरूंनी चार मात्रा पाच प्रकारे भरतात, पाच मात्रा आठ प्रकारे.

अंगणात हीच नक्षी रांगोळीने काढता येते. पुठ्ठ्याचा १३७.५ अंशांचा कोन कापावा, प्रत्येक ठिपका मागच्यापासून तेवढा फिरवावा आणि केंद्रापासूनचे अंतर क्रमांकाच्या वर्गमुळाइतके ठेवावे : एकक २ सेंमी धरले तर चौथा ठिपका ४ सेंमीवर, पंचविसावा १० सेंमीवर, शंभरावा २० सेंमीवर. अंतर दर ठिपक्याला सारखेच वाढवले तर मध्ये गर्दी होते आणि कड विरळ पडते. पुठ्ठा १३७ अंशांचा कापला गेला, तर एकवीस हात सुटे दिसू लागतात. आणि पऱ्हाटीचा १३५ अंशांचा कोन धरला, तर नववा ठिपका पहिल्याच्याच रेषेत बसतो. बैलगाडीच्या चाकासारखे आठ सरळ आरे उमटतात आणि मधली सगळी जमीन रिकामी राहते. पऱ्हाटीला ते चालते, कारण तिचे नववे पान पहिल्यापेक्षा आठ पेरी वर असते.