ब्लॅक मेटल आणि अनब्लॅक मेटल: कानाला न कळणारा फरक

ख्रिस्ती माणसाला हेवी मेटल चालतं का, हा वाद निघाला की कुणीतरी स्ट्रायपरचं नाव घेतंच. कॅलिफोर्नियाचा हा बँड पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून वाजवायचा. बायबलमधल्या यशयाच्या ५३व्या अध्यायात ज्या फटक्यांनी (इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’) आपण बरे झालो असं म्हटलंय, त्यांच्यावरून बँडने आपल्या नावाचा अर्थ लावला होता. कार्यक्रमात ते प्रेक्षकांत बायबलच्या नव्या कराराच्या प्रती भिरकावत. १९८६ चा त्यांचा अल्बम प्लॅटिनम ठरला, तरी टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट त्यांच्यावर तुटून पडलेच. पण स्ट्रायपर हे सोपं उदाहरण झालं. चाली गोड, गळा स्वच्छ, शब्द न् शब्द कळणारा. खरी कसोटी ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या शाखेत लागते, कारण तिथे ख्रिस्तविरोध हा शैलीचाच भाग मानला जातो. आणि अनब्लॅक मेटल नेमकी हीच शैली उचलून ख्रिस्ताच्या बाजूने वाजवतं.

दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. गिटारच्या तारा भयंकर वेगात छेडल्या जातायत, ड्रमवर अखंड ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगवान ठोक्यांचा मारा, गायक किंचाळतोय आणि त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ. ध्वनिमुद्रण बरेचदा मुद्दाम खरखरीत ठेवलेलं. कव्हरवर गोठलेलं जंगल, वाचता न येणारा लोगो, चेहऱ्याला पांढरा-काळा प्रेतासारखा रंग. या सगळ्यावरून कोणता बँड कुठला हे सांगता येत नाही. स्वरांवरूनही नाही. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटलच्या आद्य बँडने १९७० साली पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात जे अस्वस्थ करणारं स्वरांतर वापरलं, ते म्हणजे आपल्या भाषेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातलं अंतर. मध्ययुगीन चर्चने सैतानी म्हणून त्यावर बंदी घातली होती ही कथा फार रंगवून सांगतात, पण तिला पुरावा नाही.

फरक आहे तो शब्दांत आणि इतिहासात. व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून ब्लॅक मेटलला नाव मिळालं. त्यांचा सैतान बराचसा नाटकी होता. दहा वर्षांनी नॉर्वेतल्या पोरांनी तो अंगावर घेतला. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचं फांटॉफ्टचं लाकडी चर्च जळालं, मग आणखी चर्चं पेटली. ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचा गिटारवादक युरॉनिमस याचा खून झाला, तोही त्याच वर्तुळातल्या वर्ग विकर्नेसच्या हातून. या पार्श्वभूमीवर, १९९४ मध्ये, होर्ड या अनब्लॅक बँडचा ‘हेलिग उस्वार्ट’ हा अल्बम आला. सगळी वाद्यं आणि गळा एकाच माणसाचा, ऑस्ट्रेलियन ड्रमर जेसन शेरलॉकचा. अल्बमवर मात्र त्याचं नाव नव्हतं, फक्त ‘अनामिक’ असा उल्लेख होता. न्यूक्लिअर ब्लास्ट या लेबलला धमक्या आल्या. एका गाण्याचं शीर्षकच उलटा क्रूस पुन्हा उलटा करा, असं सांगणारं. (परंपरेनुसार संत पेत्राला उलट्या क्रूसावर मारलं होतं, त्यामुळे उलटा क्रूस मुळात ख्रिस्तीच. पण हे शेरलॉकच्या विरोधकांना सांगण्यात अर्थ नव्हता.)

माझ्या मते होर्ड ऐतिहासिक आहे, पण श्रद्धेचं संगीत म्हणून तोकडं. समोरच्याच्या घोषणा उलट्या करून परत फेकल्या की हाती घोषणाच उरतात. नॉर्वेचाच अँटेस्टर हा बँड मला जास्त पटतो. त्यांनी आपल्या संगीताला ‘दुःखाचं मेटल’ म्हटलं होतं, आणि ते चपखल होतं. त्यात निराशा आहे, देवाला मारलेल्या हाका आहेत. ज्यांना हे ख्रिस्ती वाटत नाही त्यांनी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र उघडावं. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. देवाने आप्त-मित्र दूर केले, अशी तक्रार करत ते अंधारातच संपतं. हे शब्द मंद ऑर्गनवर गोड आवाजात गायले तर खोटे वाटतील. किंकाळीत ते बसतात. श्रद्धा आणि हा आवाज यांचं जमतं, असं मी म्हणतो ते या स्तोत्राच्या आधारावर.

अडचण उरते ती ब्लॅक मेटलच्या कट्टर श्रोत्यांची. त्यांचं म्हणणं, ख्रिस्तविरोध काढला की ब्लॅक मेटलचा प्राणच गेला, उरलं ते सोंग. ऐकायला बिनतोड वाटतं. पण मग इमॉर्टलचं काय? हा बर्गनचा बँड मुख्यतः बर्फ, हिवाळा आणि ब्लाशिर्ख नावाच्या काल्पनिक प्रदेशावर गातो. सैतान तिथे जवळपास नाहीच. तरी त्यांना कुणी जातीबाहेर काढलं नाही. म्हणजे सैतान गैरहजर असला तरी या मंडळींचं भागतं, ख्रिस्त हजर असला की बिनसतं. हा वैराचा मामला झाला, आणि चर्चं जाळणाऱ्यांच्या परंपरेत तो समजण्यासारखा आहे. फक्त त्याला संगीताची व्याख्या म्हणू नये.

वादकांना ही भिंत तितकीशी उंच वाटलेली दिसत नाही. मेहेमचा ड्रमर हेलहॅमर, म्हणजे ब्लॅक मेटलच्या अगदी गाभ्यातला माणूस, अँटेस्टरच्या २००५ च्या ‘द फॉरसेकन’वर वाजवून गेला. उलट दिशेचं उदाहरण थ्रॅश या मेटलच्या दुसऱ्या वेगवान शाखेतलं: स्लेअर या बँडचा गायक टॉम अराया कॅथलिक, आणि त्याने वर्षानुवर्षं बँडचा नास्तिक गिटारवादक केरी किंगने लिहिलेले देवाला शिव्या देणारे शब्द गायले. स्लेअरला त्यामुळे कुणी ख्रिस्ती मेटल म्हणत नाही, आणि हेलहॅमरच्या हातामुळे अँटेस्टरचा अल्बमही भ्रष्ट होत नाही.

तेव्हा नवा बँड हाती लागला की कव्हर, रंग आणि वादकांची यादी यांवर विसंबू नका. गीतांचे शब्द शोधून वाचा आणि गाणारा कुणाशी बोलतोय ते बघा. अनब्लॅकमध्ये बहुधा तो देवाशी बोलत असतो, कधी कधी भांडतही.